कागदावर न आलेलं ऊन

संभाजीनगरला आठ दिवस राहून आले आणि लेणी पाहिली नाहीत. हे आधीच सांगून टाकते. परत आल्यापासून बाजारात, बँकेच्या रांगेत, शेजारणीच्या पडवीत मला पहिला प्रश्न तोच येतो, आणि नाही म्हटलं की समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो, जसं काही मी लग्नाच्या पंगतीतून न जेवता उठून आले. मग केलंस काय आठ दिवस? केलं ते लिहिते आहे. जे तिकडे कधी गेले नाहीत आणि ज्यांना वाटतं की मराठवाड्यातल्या लोकांना उन्हाची सवयच असते, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते आहे. जाण्यापूर्वी मलाही तसंच वाटत होतं.

मी निवृत्त नर्स. गुहागरच्या आसपासच्या सरकारी दवाखान्यांत माझी चौतीस वर्षं गेली. कांता माझी ट्रेनिंगची मैत्रीण. होस्टेलात तीन वर्षं आमच्या खाटा शेजारी-शेजारी होत्या. ती फुलंब्रीकडची, मेंढपाळांच्या घरातली, त्यांच्या वस्तीवरून दहावी पास झालेली पहिली मुलगी. नोकरी तिनं संभाजीनगरात केली आणि आता गारखेड्यात एकटी राहते. दर वर्षी ये म्हणायची. यंदा आमच्याकडे आंब्याला मोहोर आला तो अवकाळी पावसात काळा पडला, पुन्हा आला तो उन्हानं करपला. बागेत राखण करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून ऐन वैशाखात निघाले. फोनवर कांता म्हणाली होती, येताना टोपी आण. मला ती थट्टा वाटली.

सोमवार, गारखेडा

स्टेशनवर न्यायला कांतानं सलीमभाईंना पाठवलं होतं. पन्नाशीचे रिक्षावाले, गळ्यात ओला पंचा, आरशाखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली टांगलेली. त्यांच्या आईला कांता कित्येक वर्षं घरी जाऊन इंजेक्शनं देत असे, म्हणून ते तिच्या कामाला नाही म्हणत नाहीत. चढताना मी रिक्षाचा लोखंडी दांडा धरला आणि तळहात भाजला. सकाळचे साडेनऊ वाजले होते. त्यांनी बाटलीतलं पाणी माझ्या हातावर ओतलं आणि म्हणाले, "मई में लोहे कू हाथ नक्को लगाव, ताई."

मागच्या उन्हाळ्यात भर चौकात ते रिक्षातच बेशुद्ध पडले होते. पंक्चर झाल्याचं सांगावं तसं त्यांनी ते वाटेत सांगितलं. तेव्हापासून बारा ते चार रिक्षा बंद ठेवतात. म्हणजे दिवसातली अर्धी कमाई उन्हाला देऊन टाकतात, वर मुलांच्या शाळेची फी तीच राहते.

कांताच्या घरात शिरले तर आधी पिंपं दिसली. न्हाणीघरात, स्वयंपाकघरात, गॅलरीत, आणि एक चक्क देवघराच्या शेजारी. नळाला पाणी येऊन आठवडा झाला होता. कधी येईल ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी सवयीनं हात धुवायला नळ सोडला आणि त्यातून नुसती हवा आली. कांतानं तांब्या पुढे केला आणि मला शिकवलं: तोंड धुतलेलं पाणी बादलीत, बादलीतलं फरशीला, फरशीचं तुळशीला. आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने कौलं गळतात, विहीर काठोकाठ भरते, आणि तरी हल्ली एप्रिल संपता संपता तळ दिसतो. तेव्हा आम्ही पाच-सहा दिवस टँकर मागवतो आणि गावभर रडत सुटतो. कांता वर्षभर असं जगते आणि त्याबद्दल बोलतही नाही. मला तिच्या न बोलण्याचाच आधी राग आला.

जेवायला येसर आमटी आणि ज्वारीची भाकरी होती. येसर म्हणजे भाजून दळलेल्या डाळींचं नि मसाल्यांचं पीठ; ते पाण्यात कालवून उकळलं की झाली आमटी. मला नारळाशिवाय घास उतरत नाही असं माझं मत होतं. दोन वाट्या प्यायले.

मंगळवार, तिथंच

लेण्यांना निघायचं होतं. सकाळी उठून केस विंचरत होते तर नाकातून रक्त आलं. पदर भरला. चौतीस वर्षं लोकांचे घोळणे थांबवले, पण स्वतःचा फुटला तशी घाबरले. कांतानं कांदा फोडून नाकाशी धरला आणि कपाळावर ओलं फडकं ठेवलं. इथल्या हवेत ओल म्हणून नसते. आमच्याकडे घाम अंगावरून वाहतो आणि आपण वैतागतो. इथं घाम दिसतच नाही, येतो तसा उडून जातो, आणि संध्याकाळी दंडावर हात फिरवला तर बोटांना मीठ लागतं. माणूस सुकत जातो आणि त्याला कळत नाही.

लेणी राहिली. दुपारी दोनला जिन्यात एकदम आरडाओरडा झाला: पाणी आलं होतं. शेजारची पेन्शनर मंडळी, बाळंतीण सून, सगळे नळ्या घेऊन धावले. कांता एकसष्ट वर्षांची, गुडघे दुखतात, तरी पाऊण तास वाकून पिंपं भरत होती. मी मदत केली. आमचं बोलणं त्या पाऊण तासात झालं. ती म्हणाली, ऊन पूर्वीही होतं, पण संध्याकाळी गच्चीवर पाणी मारलं की रात्री गार वाटायचं, अंगाला सुटका मिळायची. आता सिमेंट पहाटेपर्यंत तापलेलंच असतं. तिच्या नोकरीच्या शेवटच्या काही उन्हाळ्यांत वॉर्डात एक नवीनच प्रकार दिसू लागला होता: चाळिशीतली, साखर नाही, रक्तदाब नाही, अशी गवंडीकामावरची नि शेतातली माणसं किडन्या खराब होऊन यायची. कशानं झालं ते कुणी विचारायचं नाही.

संध्याकाळी सलीमभाईंनी जुन्या शहरातून नान-खलिया आणून दिला. कांता मटण खात नाही असं मला वाटायचं. ती हसली. मेंढरं पाळणाऱ्याच्या घरात जन्मले आणि मटण खात नाय, असं कुठं असतं का, म्हणाली. पिवळाधमक नान, त्यावर तर्रीचा रस्सा. त्या आठ दिवसांतला बिनरागाचा वेळ एवढाच.

बुधवार, फुलंब्रीपलीकडचा माळ

कांताचा धाकटा भाऊ भिवा अजून मेंढरं राखतो. त्याच्याकडे दिवसभर जाऊन येऊ, परवा लेणी करू, असं ठरलं. सलीमभाईंनी सकाळी सहालाच रिक्षा काढली. पूर्वी या रस्त्याला दोन्ही बाजूंनी वडाची झाडं होती, भर दुपारी सावलीतून जाता यायचं, असं कांता सांगत होती. रस्ता रुंद झाला आणि झाडं गेली. दुभाजकात कण्हेर लावली आहे. कण्हेरीच्या सावलीत फार तर सरडा बसेल.

भिवाची वस्ती माळावर आहे. पत्र्याच्या दोन खोल्या, काट्यांचं कुंपण, आत साठेक मेंढरं. पंचावन्नचा असेल, सडसडीत, बोलताना नजर सतत कळपावर. त्याची बायको सखूबाई घरात नव्हती, कामाला गेली होती. कळपही अर्धाच उरलेला. मार्चात गारा पडल्या, त्यात अकरा कोकरं एका दुपारी गेली. मग ऊन असं चढलं की गाभण मेंढ्या गाभडायला, पोटातली पिल्लं अवेळी टाकायला लागल्या. लोकर कातरून ठेवली तर न्यायला कुणी येत नाही, घोंगड्या विणणारे मागे पडले, म्हणून तो ती ओढ्यात टाकतो. हे सगळं त्यानं क्रमानं सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, मी विचारलं म्हणून.

मग त्यानं मला माळावर नेलं आणि खडकांमधली एक जागा दाखवली. टिटवीची चार अंडी उघड्यावर पडली होती. टिटवी डबक्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते, हे मला माहीत नव्हतं. भिवाला लहानपणापासून माहीत होतं. त्यानं एक अंडं उचलून कानाशी हलवलं आणि माझ्या हातात दिलं. हलकं लागलं, आतलं आटलेलं.

"डबकंच ऱ्हायलं नाय," तो म्हणाला. "ती तरी किती दिस कोरडी बसल?"

लांडगाही दोन वर्षांत फिरकला नव्हता. मेंढपाळाला त्याचा आनंद व्हायला हवा. भिवाला त्याची काळजी वाटत होती. लांडगा राहत नाही त्या माळात मेंढरूही फार दिवस राहत नाही, असं त्याचे वडील म्हणायचे.

न्याहारीला हुलग्याचं माडगं होतं. हुलगे म्हणजे आमचे कुळीथ; आम्ही पिठलं करून भातावर घेतो, हे लोक पातळ करून वाटीनं पितात. पीत असताना मी विचारलं की सखूबाई कुठे कामाला जातात. भिवानं हातानं पलीकडे दाखवलं. माळाच्या उतारावर तारेचं कुंपण होतं, मोठी कमान होती, आणि आत हिरवंगार काहीतरी होतं. डोळ्यांवर हात धरून पाहिलं. गवत होतं.

तो पट्टा गावाच्या चराईचा होता. आता तिथं प्लॉट पाडले आहेत. शहरातली माणसं शनिवार-रविवारी प्लॉट बघायला येतात, त्यांना बरं वाटावं म्हणून कमानीपासून आत मोठं लॉन केलेलं आहे आणि त्याला रोज टँकर येतो. सखूबाई आणि गावातल्या सात-आठ बायका ते लॉन लावतात. कुंपणाबाहेर मेंढरं करपलेली काटकं चघळतात आणि त्यांची मालकीण कुंपणाच्या आत, मेंढरांनी खायचं नाही असं गवत लावते. मी भिवाला म्हटलं, तुम्हाला याचा संताप येत नाही का? तो म्हणाला, आला तर काय करू ते सांगा.

दुपारी अडीचला एक बाई कुंपणाकडून धावत आली. सखूबाई पडल्या होत्या.

भिवा, सलीमभाई आणि आम्ही दोघी, चौघंही रिक्षातून गेलो. त्या लॉनच्या कडेला उन्हातच पडलेल्या होत्या. बाकीच्या बायका पदरानं वारा घालत होत्या. मी हात लावला. चुलीवरून उतरवलेल्या भाकरीसारखं अंग होतं आणि पूर्ण कोरडं. डोळे अर्धे उघडे. कोकरं आत घ्या, कोकरं आत घ्या, असं काहीतरी बडबडत होत्या, आणि कांतानं हाक मारली तर तिला ओळखत नव्हत्या. मग हातपाय ताठ झाले, झटका आला. मी आणि कांता एकमेकींकडे पाहिलं. दोघींना कळलं की दवाखाना गाठेपर्यंत थांबलो तर ही बाई जाणार. आधी अंग गार करायला हवं होतं, आणि लगेच.

वीस पावलांवर टँकर उभा होता. पाइप लॉनवर सोडलेला होता, पाणी वाहत होतं. मी मुकादमाला म्हटलं, पाइप इकडे आणा. मुकादम म्हणजे त्याच गावातला चाळिशीचा माणूस, वाईट नसावा. तो म्हणाला, "ते लॉनचं पानी हाय, बाई. सायेब मोजून देत्यात. तिला सावलीला न्या, येईल शुद्धीवर. ह्या बायांला सवय असती."

माझ्या आयुष्यात मी खूप लोकांवर ओरडले आहे. वॉर्डात ओरडावंच लागतं. पण त्या क्षणी इतका राग आला की ओरडत बसले नाही. मी जाऊन पाइप उचलला. मुकादम आडवा आला, तेव्हा सलीमभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं, आणि टँकरच्या ड्रायव्हरनं, ज्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, आपण होऊन नळ पूर्ण मोकळा केला.

आम्ही त्यांना टँकरच्या सावलीत ओढलं, कुशीवर वळवलं, चोळीच्या गाठी सोडल्या आणि डोक्यापासून पायापर्यंत पाणी सोडत राहिलो. बायकांना पदर ओले करून जोरात वारा घालायला लावलं. कांता मानेशी, काखेत, मांड्यांशी ओली फडकी ठेवत होती. भिवा उभा होता. त्याला मी म्हटलं बायकोचे पाय धरा, तर खाली बसून त्यानं पाय धरले आणि त्यानंतर सोडलेच नाहीत. वीस-पंचवीस मिनिटांनी बडबड थांबली. सखूबाईंनी डोळे उघडून कांताला ओळखलं आणि पहिला शब्द काढला तो "आक्का." दुसरा विचारला तो साडी नीट आहे का.

वारा घालणाऱ्या एका बाईला मी विचारलं, दिवसभरात किती पाणी पिता तुम्ही? ती खाली बघत म्हणाली, सकाळी निघताना प्यायचं, मग घरी गेल्यावर. मला वाटलं पाणी देत नाहीत. तसं नव्हतं, माठ होता. पण त्या उघड्या माळावर, कुंपणाच्या आत, पुरुषांच्या देखत, लघवीला जायला जागा नव्हती. म्हणून सगळ्याच जणी प्यायच्या नाहीत. समोर हजारो लिटर पाणी गवतावर सांडत होतं आणि आठ बायका तहान दाबून ते सांडत होत्या.

बुधवार, संध्याकाळ, दवाखाना

वाटेत जो सरकारी दवाखाना आधी लागला तिथं नेलं. रिक्षाला दोन्ही बाजूंनी वारा, अंगावर ओलं लुगडं, त्यानं ताप आणखी उतरला. डॉक्टर तरुण मुलगी होती, दिवसभराची दमलेली. तिनं चटकन सलाइन लावलं, लघवीची नळी घातली. पिशवीत काळ्या चहासारखा रंग उतरला, किडन्यांना धक्का बसल्याची खूण. तिनं तो बघितला आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायची चिठ्ठी लिहायला घेतली. तिच्या कामात खोट काढायला जागा नाही.

मी तिच्या खांद्यावरून कागद वाचला. ताप, उलटी, अशक्तपणा.

मी म्हटलं, डॉक्टर, हा उष्माघात आहे. ती म्हणाली, आल्यावर ताप एकशे एक होता. उष्माघात लिहायचा तर त्याहून पुष्कळ जास्त लागतो, आणि मी जे मोजलं तेच लिहिणार. मी म्हटलं, आम्ही अर्धा तास पाणी ओतलं म्हणून एकशे एक आहे. ती म्हणाली, ओतण्यापूर्वी मोजला होतात का?

नव्हता मोजला. माळावर माझ्याकडे थर्मामीटर कुठला असणार?

म्हणजे हे असं आहे. अंग गार केलं तर पुरावा धुऊन जातो. न करावं तर माणूस मरतो, आणि मेलेल्याच्या कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहितात, कारण मरताना सगळ्यांचंच हृदय बंद पडतं. जगला तर अशक्तपणा, मेला तर हृदय. ऊन दोन्हीकडून सुटतं. आणि मग कुठल्यातरी थंडगार खोलीत बसून कुणीतरी कागदांची बेरीज करतो आणि सांगतो की आपल्याकडे उन्हानं फारसं कुणी दगावत नाही.

मी एक कोरा कागद मागितला. वेळ, जागा, कातडीचा स्पर्श, बडबड, झटका, ओळख न पटणं, किती मिनिटं पाणी मारलं, सगळं लिहिलं. खाली नाव, निवृत्त अधिपरिचारिका, आणि सही. कांतानंही सही केली. हा कागद केसपेपरला जोडा, म्हटलं. डॉक्टर म्हणाली, असा कागद जोडायची पद्धत नाही. मी तिथून हलले नाही. शेवटी तिनं अशक्तपणाच्या पुढे लिहिलं, "उन्हामुळे", आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"एवढंच माझ्या हातात आहे, सिस्टर," ती म्हणाली. "याच्यावर मला विचारणा होईल."

मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली. तिच्या वयाची माझी भाची आहे.

शनिवार, शहरातला दवाखाना

तीन दिवस आम्ही मोठ्या दवाखान्यात आलटून पालटून बसलो. पहिल्या दिवशी किडन्यांचा आकडा चढत गेला, डायलिसिस लागेल म्हणाले. दुसऱ्या दिवशी थांबला. तिसऱ्या दिवशी उतरायला लागला आणि पिशवीतला रंग निवळला, तेव्हा कांता वॉर्डाबाहेर जाऊन भिंतीला टेकून रडली. वॉर्डात जागा नसल्यानं सखूबाईंची गादी दोन खाटांच्या मध्ये होती. उजव्या खाटेवर वीटभट्टीवरचा माणूस, डावीकडे कांदे भरणारी बाई. दोघांच्या नळ्यांना तोच चहाचा रंग.

भिवा रोज फुलंब्रीहून यायचा आणि कळपासाठी दुपारी परत जायचा. त्यानं सांगितलं की सखूबाई पडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायका लॉनवर गेल्या, पण अकरा वाजल्यावर सगळ्या मिळून उठल्या आणि टँकरच्या सावलीत बसल्या. पहाटे येऊ, अकराला जाऊ, आणि पत्र्याचा का असेना, एक आडोसा बांधून द्या, एवढं त्यांचं म्हणणं होतं. मुकादमानं ते वर कळवलं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गावातून टेम्पोनं दुसऱ्या बायका आल्या.

शनिवारी सखूबाईंना सोडलं. मोठ्या डॉक्टरांनी बजावलं की किडनीला धक्का बसला आहे, दर महिन्याला तपासायचं, आणि आता उन्हात म्हणून जायचं नाही. त्यांनी मान डोलावली. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्यावर मला हळूच विचारलं, "उन्हात जायचं नाय म्हंजी कुठं जायचं नाय, ताई?"

मी घरी सोडल्याचा कागद वाचत होते. मूत्रपिंडाला तीव्र इजा, उपचारानं सुधारणा. चार ओळींत ऊन कुठंही नव्हतं. तालुक्याच्या डॉक्टरणीचं ते प्रश्नचिन्हही शहरात येईपर्यंत गळून पडलं होतं. माझा कागद कुठं गेला ते काउंटरवर कुणाला ठाऊक नव्हतं.

सोमवार, मुकुंदवाडी

परतताना मुकुंदवाडी स्टेशनावरून गाडी धरली. छोटं स्टेशन, बाकावर जागा मिळते. कांता सोडायला आली होती. गाडीला वेळ होता आणि मी अर्धा तास सलग बोलत होते: मुकादम, प्लॉटवाले, झाडं तोडणारे, बेरीज करणारे, आणि ती प्रश्नचिन्ह काढणारी पोरगी. कांता ऐकत होती. मी दम घ्यायला थांबले तेव्हा ती म्हणाली, "सिंधू, आपन दोघी काय लिव्हायचो गं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

कोकणातही ऊन आहे. आमचं ऊन घामट, दमट, ते अंगातली उष्णता बाहेर पडूच देत नाही. मार्चपासून दवाखान्यात माणसं यायची. काही आणतानाच गेलेली असायची. डॉक्टर सांगायचे ते मी रजिस्टरमध्ये उतरवून घ्यायचे, आणि पुढे पुढे तर न सांगताही लिहायचे, कारण शब्द ठरलेले होते. नातेवाईक म्हणायचे, सकाळी चांगला होता हो, दुपारी बागेत चक्कर आली. मी मान हलवायचे आणि लिहायचे: हृदयक्रिया बंद पडून. माझं अक्षर चांगलं होतं. तपासणीला आलेले साहेब त्या अक्षराची तारीफ करायचे.

कांतानं तिच्या वॉर्डातली दोन नावं सांगितली. मी माझी आठवायला लागले. गाडी आली, मी चढले, खिडकीतून हात हलवला, आणि कल्याणपर्यंत दुसरं काही केलं नाही. एवढ्या वर्षांत किती लिहिली असतील ते मला सांगता येणार नाही. जेवढी आठवली तेवढी अशी:

दत्ताराम, आंबे उतरवणारा, झाडाखालीच सापडला. राघो, चिऱ्याच्या खाणीवरचा, तेव्हा त्याची मुलगी चार महिन्यांची होती. सुलोचना, काजूच्या बागेत बिया गोळा करणारी, तिला तिच्या जावेनं पाठीवरून आणली होती. आणि बागेच्या राखणीला नेपाळहून आलेला एक माणूस. त्याचं नाव मी रजिस्टरात लिहिलं असणार, पण ते मला आठवत नाही.

हे चौघं हृदय बंद पडून गेले, असं माझ्या हातानं लिहिलेलं आहे. ते खोटं आहे. ते उन्हानं गेले.